बेळगावात पाणी साडेसत्त्याण्णवला उकळतंय, थर्मामीटर बिघडलाय की हवेचा दाब? आणि लेहला आईला न्यावं का?

वडगावचा_पालक

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, बेळगावातल्याच एका मराठी शाळेत. त्यांना लॅबमधे पाणी उकळून तापमान बघायचं होतं, तर हिचा पारा ९७ आणि ९८ च्या मधे थांबला तो तिथून हलेचना, बाकीच्या पोरांचं पण तसंच. सर म्हणाले थर्मामीटर जुने झालेत, जर्नलमधे १०० लिहा. हिला ते पटलं नाही आणि घरी आल्यापासून एकच विषय. मग मी लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातून नवीन ११० पर्यंतचा थर्मामीटर आणला, गॅसवर पातेलं ठेवलं, पाणी खळाखळा उकळालंय आणि पारा साडेसत्त्याण्णवलाच. गॅस मोठा केला तरी तेवढाच. नळाचं पाणी घेतलं, फिल्टरचं घेतलं, काही फरक नाही.

उंचावर हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी लवकर उकळतं एवढं ऐकून आहे, पण ते हिमालयात ना, बेळगाव काय एवढं उंच आहे? शिवाय मोबाईलवर हवामानाच्या अॅपमधे बेळगावचा दाब १०११ दाखवालंय, म्हणजे समुद्राकाठी असतो जवळजवळ तेवढाच. मग पाणी कमीला का उकळावं?

दुसरा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला. मेहुणा आर्मीत आहे, सध्या लेहला, मे महिन्यात सगळ्यांना या म्हणालाय. आई चौसष्टची, बीपीची गोळी चालू. आमच्या गल्लीत एकानं तिला सांगितलं की तिथं दाब कमी म्हणून शरीरातलं रक्तसुद्धा कमी तापमानाला उकळतं आणि म्हणूनच नाकातून रक्त येतं. तेव्हापासून आई नको म्हणालीय. आणि खरं सांगायचं तर पाणी उकळतं तर रक्त का नाही, ह्याचं उत्तर मला देता येईना. जरा सविस्तर सांगा, मुलगी पण वाचणार आहे.

---

विज्ञान_मॅडम_खानापूर

आधी मुलीला सांगा की तिचा थर्मामीटर बरोबर आहे, शाळेतलेही बहुतेक बरोबरच असणार. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि ह्या उंचीला पाणी ९७.५ च्या आसपासच उकळायला पाहिजे. तिनं जे बघितलं ते अगदी नेमकं बघितलं.

आता कारण. पाणी तापवलं की त्यातले रेणू वाफ होऊन सुटायला बघतात, त्या वाफेचा स्वतःचा एक दाब असतो आणि तो तापमानाबरोबर वाढत जातो. पाण्याच्या आत वाफेचा बुडबुडा तयार झाला तर त्याला चिरडायला वरून सगळी हवा दाबत असते. वाफेचा दाब कमी असेल तोवर बुडबुडा टिकत नाही, ज्या क्षणी तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो तेव्हा आतून बुडबुडे उभे राहतात आणि त्यालाच आपण उकळणं म्हणतो. म्हणजे उकळणं ही एकट्या पाण्याची गोष्टच नाही, पाणी आणि वरची हवा दोघांची मिळून आहे. १०० हा आकडा फक्त १०१३ मिलिबार दाबाला खरा, मिलिबार म्हणजे तुमच्या अॅपमधलंच दाबाचं माप. पुस्तकात ती अट लिहिलेली असते, पाठ करताना नेमकी तीच गळते.

अॅपमधल्या १०११ मुळे पुष्कळ लोकांचा गोंधळ होतो. हवामान खात्याचे नकाशे काढताना प्रत्येक गावाचा दाब, ते गाव समुद्रसपाटीला असतं तर किती असता, असा हिशोब करून दाखवतात, नाहीतर डोंगरावरचं प्रत्येक गाव नकाशावर कायमचं कमी दाबाचं दिसेल आणि खरं वादळ कुठं आहे तेच कळणार नाही. तुमच्या अॅपमधला आकडा तो आहे. बेळगावच्या हवेचा खरा दाब ९२५ च्या आगेमागे असतो. काही मोबाईलमधे दाब मोजायचा सेन्सर असतो, तसा असेल तर सेन्सरचा आकडा थेट दाखवणारं अॅप टाकून बघा.

ढोबळ हिशोब असा की दर ३०० मीटर चढलं की उकळबिंदू एक डिग्रीनं उतरतो. पणजीला जवळजवळ १००, पुण्याला ९८, बेंगळुरूला ९७, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास, लेहला ८८, एव्हरेस्टच्या माथ्यावर ७१ च्या जवळपास. पावसाळ्यात दाब थोडा उतरतो पण त्यानं फरक एखाद-दोन दशांश डिग्रीचा पडतो, शाळेच्या थर्मामीटरवर तो दिसायचा नाही.

गॅस मोठा केला तरी पारा का चढला नाही, हे पण तिला समजू दे. एकदा पाणी उकळायला लागलं की दिलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २२६० किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी २५ वरून उकळीपर्यंत आणायला तीनशेच्या आसपास. त्यामुळं मोठ्या आचेवर पाणी लवकर आटतं, जास्त गरम होत नाही. भाजी उकळली की गॅस बारीक करा असं मी घरी आणि वर्गात दोन्हीकडं सांगत असते ते ह्याच्यासाठी.

हत्यारालाच दोष देण्याची गोष्ट फार जुनी आहे. मार्च १८३५ मधे डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता, पोर्तिल्यो खिंडीजवळ मुक्काम होता, बटाटे कित्येक तास उकळूनही कडकच. त्याचं कारण दाब आहे हे त्याला माहीत होतं, बरोबरच्या माणसांनी मात्र भांडं नवीन आहे म्हणून शिजत नाही असा निकाल देऊन टाकला.

जर्नलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिनं ९७.५ च लिहावं आणि खाली ठिकाण, उंची, अंदाजे दाब लिहावा. जे दिसलं ते खोडून पुस्तकातलं लिहायला लावलं की मुलं मोजायचीच थांबतात, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं. सरांशी भांडू नका, हे सगळं त्यांना दाखवा, ते ऐकतील.

घरी करण्यासारखा एक प्रयोग सांगते. सुई नसलेली मोठी प्लास्टिकची सिरिंज घ्या, हाताला जेमतेम सोसेल असं गरम पाणी थोडंसं ओढा, आतली हवा बाहेर घालवा, तोंड बोटानं घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागं ओढा. आतलं पाणी बुडबुडून उकळायला लागेल, खाली गॅस नाही काही नाही. दट्ट्या सोडला की शांत. आधी पाण्यात विरघळलेल्या हवेचे बारीक बुडबुडे येतात ते वेगळे, पुन्हा पुन्हा ओढलं की खरी उकळी कळते.

---

रिटायर्ड_सुभेदार

मॅडमनी ८८ लिहिलंय त्याचा अर्थ काय होतो ते मी सांगतो, मी मराठा लाईट इन्फंट्रीचा, ट्रेनिंग आपल्या बेळगावच्याच सेंटरला, नंतर नोकरीत लेह पण बघितलं आणि ग्लेशियर पण बघितलं.

तिकडं पातेल्यात डाळ ठेवली की उकळते बगा जोरात, हिथल्यापेक्षा लवकर उकळते, पण शिजत न्हाई. नवीन पोरगं लंगरवर, म्हणजे आर्मीच्या स्वयंपाकघरात, आलं की म्हणणार उस्ताद उकळी आली, उतरू काय. उकळीवर जाऊ नको रे बाबा. डाळ शिजते ती गरमीनं, बुडबुड्यानं न्हाई. राजमा, वाटाणा तर उघड्या भांड्यात दिवसभर ठेवला तरी दाताला लागतोय. ग्लेशियरवर वरच्या पोस्टला ८० च्या आसपासच उकळतं, तिथं तर नूडल्स पण नीट होत न्हाईत. म्हणून तिकडं कुकर म्हणजे बंदुकीच्या खालोखाल जपायची वस्तू, रिंग खराब झाली, वजन हरवलं तर अख्ख्या पोस्टचं जेवण अडतंय. पाणी पण बर्फ वितळवूनच करायचं, त्यात केरोसीन किती जातंय ते बघितल्याशिवाय कळायचं न्हाई.

चहा ८८ च्या पाण्यात हिथल्यासारखा रंग धरत न्हाई, पत्ती जास्त घालायची आणि लगेच प्यायचा.

आता आईंच्या बाबतीत. आर्मीत कुणालाच, कितीबी तगडा गडी असू दे, थेट वर चढू देत न्हाईत. ९ हजार ते १२ हजार फुटाला सहा दिवस, १२ ते १५ हजारला चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस. पहिले दोन दिवस नुसता आराम, मग थोडं चालणं, मग चढ. लेह बसतंय साधारण साडेअकरा हजार फुटावर आणि टुरिस्ट लोक विमानानं सकाळी उतरतात आणि दुसऱ्या दिवशी खारदुंगला जातात, तो पास साडेसतरा हजार फुटाच्या वर आहे. मला हे बघवत न्हाई. मेहुण्याला हे सगळं पाठ असणार, त्याचं ऐका, आणि टॅक्सीवाला काय म्हणालाय तिकडं लक्ष देऊ नका.

आमच्यातला एक तगडा जवान, नाव सांगत न्हाई, पळण्यात कंपनीत पहिला, वर गेल्यावर दुसऱ्या रात्री खोकायला लागला. सर्दी म्हणून बोलला न्हाई. पहाटे छातीत घरघर, ओठ निळे. त्याला हॅपो म्हणतात, फुप्फुसात पाणी होतंय. हेलिकॉप्टरला हवामान न्हाई, मग बॅगेत घातला. ती बॅग म्हणजे माणूस मावेल एवढी बंद पिशवी, आत माणूस झोपवायचा, चेन लावायची आणि पायपंपानं हवा भरत राहायचं. आत दाब वाढला की दीड-दोन हजार मीटर खाली उतरवल्यासारखं होतंय. पाळीपाळीनं पंप मारत बसलो सगळे, दुपारी आभाळ उघडलं तेव्हा त्याला खाली न्हेला. वाचला. तवापासून हवेचा दाब म्हटलं की मला पुस्तकातलं काही आठवत न्हाई, तेवढा पंप आठवतो.

---

शहापूर_०८३१

सुभेदार साहेब एक शंका. कुकरमधे दाब शिट्टीच्या वजनानं ठरतो ना, मग लेहला पण तेच वजन, तोच कुकर, तर आत तापमान हिथल्याएवढंच व्हायला पाहिजे, मग तिकडं कुकरमधे पण वेळ जास्त का लागतो म्हणतात?

---

विज्ञान_मॅडम_खानापूर

प्रश्न छान आहे. वजन जो दाब धरून ठेवतं तो बाहेरच्या हवेच्या *वरचा* दाब. आपल्या घरगुती कुकरचं वजन साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, म्हणजे ९८० मिलिबारच्या आसपास. समुद्राकाठी १०१३ मधे हे मिळवा, आतलं पाणी १२० ला उकळतं. बेळगावात ९२५ मधे मिळवा, ११८-११९. लेहला बाहेरच ६५० च्या आसपास, त्यात मिळवलं की आत ११४-११५. म्हणजे कमी होतं पण उघड्या भांड्यातल्या ८८ पुढं ते कितीतरी चांगलं. म्हणून तिकडं कुकरला चार-पाच मिनिटं जास्त द्यायची, पण कुकरशिवाय भागत नाही. ही कल्पना दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाची, १६७९ सालची. हाडं मऊ करायला त्यानं बंद भांडं केलं होतं आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडपही बसवली.

---

पॅनमन_संकेश्वर

मंडळी तुम्ही सगळे हिमालयात पोचला, दाब कमी करून उकळायचं काम आपल्या चिकोडी-हुक्केरी भागात रोज चाललंय त्याकडं कुणाचं लक्ष नाही. मी साखर कारखान्यात पॅनवर आहे, म्हणजे रस आटवून साखरेचे दाणे करतात त्या भांड्यावर.

गुऱ्हाळात काय होतं, काहिलीत रस उघड्यावर आटवतात. साखर विरघळलेली असली की उकळबिंदू वर जातो, रस जसा घट्ट होतो तसा आणखी वर, गूळ उतरवायच्या वेळेला ११५-११८ पर्यंत जातो. त्या गरमीनं रंग लाल होतो, वास येतो, थोडी साखर मोडते, आणि गुळाला ते चालतं, गुळाची चवच त्यात आहे. पण पांढरी दाणेदार साखर पाहिजे असेल तर एवढी गरमी चालत नाही, साखर जळते नाहीतर तिचं दाणं न होणाऱ्या साखरेत रूपांतर होतं आणि ती मळीत जाते, सरळ नुकसान.

म्हणून पॅन बंद असतो आणि आतली हवा काढून टाकलेली असते. पॅनच्या काचेतून बघितलं तर आत माल कसा उसळालाय, कुणालाही वाटेल शंभरच्या वर असणार, आणि थर्मामीटर साठ-पासष्ट दाखवालंय. ही युक्ती इंग्लंडमधल्या हॉवर्ड नावाच्या माणसानं १८१३ च्या सुमाराला काढली आणि अजून जगभर त्यावरच साखर निघते. पॅनच्या आधी बॉड्या, म्हणजे रस आटवायची बंद भांडी असतात, एकामागे एक चार-पाच, पहिलीतल्या रसाची वाफ दुसरीला तापवते, दुसरीतली तिसरीला. पुढची बॉडी गार असूनही उकळते कारण तिच्यात दाब आणखी कमी ठेवलेला असतो. एकाच वाफेत चार वेळा काम. हे नसतं तर बॉयलरला चिपाड पुरलंच नसतं.

व्हॅक्युमच्या गेजवर ३० पर्यंत आकडे असतात पण आपल्याकडं काटा २८ ला पण पोचत नाही. नवीन पोरं म्हणतात गळती आहे. गळती नाही, बाहेरची हवाच मुळात तेवढी. ३० इंच पारा उचलायचं बळ समुद्राकाठच्या हवेत असतं, आपल्या उंचीला सगळी हवा काढली तरी साडेसत्तावीस-अठ्ठावीसच.

कारखान्यात कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करून तिचं पाणी करणारं भांडं, वर एवढ्या उंचीवर का बसवलाय हे पाहुणे नेहमी विचारतात. कंडेन्सरमधे व्हॅक्युम असतो आणि त्याचा पाईप खाली पाण्याच्या खड्ड्यात बुडवलेला असतो. बाहेरची हवा खड्ड्यातलं पाणी दाबून त्या पाईपमधे वर चढवते, नऊ-साडेनऊ मीटर, आणि तिथं थांबते. त्याच्या वर कंडेन्सर असला की पाणी पॅनमधे येत नाही. हवा किती जोरात दाबते हे डोळ्यानं बघायचं असेल तर हंगामात कुणाच्या तरी ओळखीनं मुलीला कारखाना दाखवा, वर्गात दहा वेळा सांगून जे कळत नाही ते तिथं एकदम कळेल.

---

निपाणी_शेतकरी

पॅनमन भाऊंनी साडेनऊ मीटर म्हटलं आणि माझ्या विहिरीचं कोडं सुटलं. पाणी खाली गेलं की मोटर वर ठेवून ओढतच नाही, मेकॅनिक म्हणायचा हॉर्सपॉवर वाढवा. म्हणजे मोटर पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते ढकलते, बरोबर काय? आणि पाणी फार खाली गेलं की पंपात खडी घातल्यासारखा खडखड आवाज येतो तो कशाचा?

---

पॅनमन_संकेश्वर

बरोबर. पंप फक्त पाईपमधला दाब कमी करतो, ढकलते हवाच. हिशोबानं साडेनऊ मीटर पण पाईपचं घर्षण, फुटव्हॉल्व्ह, जॉईंटची गळती धरून सहा-सात मीटरच्या वर भरवसा ठेवू नका. मोटर खाली पाण्याजवळ घ्या नाहीतर सबमर्सिबल टाका, हॉर्सपॉवर वाढवून सक्शन वाढत नाही.

आणि तो खडखड आवाज म्हणजे उकळीच. पंपाच्या तोंडाला दाब एवढा कमी होतो की विहिरीचं गार पाणी तिथल्या तिथं उकळून बुडबुडे होतात, पुढं दाब वाढला की ते फटकन मिटतात. तो मार बसून इंपेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्याला, खड्डे पडतात. तसा आवाज आला की चालवत राहू नका, बंद करा.

---

डॉक्टर_टिळकवाडी

रक्त उकळण्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, ते देतो. मी फिजिशियन आहे. दर उन्हाळ्यात लेहला जाणारी मंडळी विचारायला येतात, तेव्हा हे जरा नीटच लिहितो.

शरीराचं तापमान ३७. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर पारा. म्हणजे बाहेरची हवा ४७ मिलिमीटरपर्यंत उतरली तरच ३७ डिग्रीला पाणी उकळेल. ह्याच मापात, म्हणजे मॅडमच्या मिलिबारमधे नाही तर पाऱ्याच्या मिलिमीटरमधे, हवेचा दाब समुद्राकाठी ७६०, बेळगावात साधारण ६९५, लेहला ४९० च्या आसपास, एव्हरेस्टच्या माथ्यावरही २५० च्या थोडा वर. ४७ कुठं येतं? जवळजवळ १९ किलोमीटर उंचीवर, ६३ हजार फूट. अमेरिकन हवाईदलाचे डॉक्टर हॅरी आर्मस्ट्राँग यांच्या नावानं ती रेषा ओळखतात. जमिनीवर तेवढ्या उंचीचा डोंगरच नाही. तेव्हा आईंना सांगा की लेहला रक्त उकळणं शक्यच नाही.

आणि त्या रेषेच्या वरसुद्धा धमन्यांतलं रक्त लगेच उकळत नाही, कारण ते नळ्यांत बंद आहे. आपण बीपी १२०/८० म्हणतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब, म्हणजे बाहेर काहीच हवा नसली तरी धमनीत ८० आहेच, आणि ते ४७ पेक्षा जास्त. उघड्यावर असलेला ओलावा मात्र उकळतो. १९६६ साली ह्यूस्टनला नासाच्या निर्वात खोलीत चाचणी चालू असताना जिम लब्लाँ नावाच्या तंत्रज्ञाच्या स्पेससूटची नळी सुटली. चौदा-पंधरा सेकंदात तो बेशुद्ध पडला, लगेच खोलीत हवा सोडली म्हणून वाचला. शेवटचं त्याला आठवत होतं ते जिभेवरची लाळ बुडबुडल्याचं.

हा ४७ चा आकडा लेहला पण महत्त्वाचा आहे, पण वेगळ्या कारणानं. लोक म्हणतात वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. प्रमाण तेवढंच, २१ टक्के, बेळगावात पण आणि एव्हरेस्टवर पण. कमी होतो तो त्याचा दाब, जो त्याला फुप्फुसातून रक्तात ढकलतो. आणि फुप्फुसात शिरलेली हवा ओली होते, त्या ओलाव्याचे ४७ मिलिमीटर कुठंही गेलात तरी कापले जातातच. बेळगावात ६९५ मधून ४७ गेले, उरलेल्याचे २१ टक्के म्हणजे १३६. लेहला तोच हिशोब ९३. एव्हरेस्टवर ४३. सगळीकडं तेवढाच वाटा कापला गेल्यानं वरच्या माणसाचं नुकसान जास्त.

दाब कमी होणं घातक नाही, ऑक्सिजनचा दाब कमी होणं घातक, हे फ्रान्सच्या पॉल बेर्त यांनी १८७८ मधे प्रयोगांनिशी मांडलं. त्याच्या तीनच वर्षं आधी तीन फ्रेंच माणसं बलूनमधून आठ हजार मीटरच्या वर गेली होती, ऑक्सिजनच्या पिशव्या बरोबर होत्या, तरी दोघं वारली. हात उचलायचं भानच राहिलं नाही. ऑक्सिजन कमी पडताना माणसाला गुदमरल्यासारखं वाटेलच असं नाही, उलट बरं वाटतं. म्हणून मी म्हणतो की आपल्याला कसं वाटतंय ह्यावर एकट्यानं विश्वास ठेवू नका, बरोबरच्यानं लक्ष ठेवायचं.

सुभेदारांनी हॅपो सांगितलं. जगाला ह्या आजाराची नीट ओळख करून देण्यात आपल्या लष्करी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, १९६२ नंतर हजारो जवान एकदम वर पाठवावे लागले आणि इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या नोंदी १९६९ मधे प्रसिद्ध केल्या. त्याचा अभिमान वाटावा असं ते काम आहे.

आता तुमच्या आई. बीपी गोळीवर आटोक्यात असेल आणि हृदयाचा-फुप्फुसाचा दुसरा आजार नसेल तर बहुतेकांना जाता येतं, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवून, ईसीजी काढून. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पहिले काही दिवस वर बीपी थोडं चढतंच. विमानानं उतरल्यावर दोन दिवस पूर्ण आराम, आंघोळीची घाई नको, जिने चढायचे नाहीत. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अॅसिटाझोलामाइडची गोळी काहींना आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची अॅलर्जी आहे का ते सांगून, डॉक्टरांनी लिहून दिली तरच. झोपेच्या गोळ्या आणि दारू अजिबात नाही.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं पहिल्या रात्री पुष्कळांना होतं. हे असेल तर तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. बसल्या जागी दम लागणं, सततचा खोकला, चालताना झोक जाणं, बोलणं असंबद्ध होणं, ह्यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता ऑक्सिजन आणि खाली. ऑक्सिमीटर न्या, पण पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसलं म्हणून घाबरू नका, तिथं नव्या माणसाचं तेवढं येतं, माणूस कसा दिसतोय ते आकड्याइतकंच बघा. नाकातून रक्त येतं ते कोरड्या थंड हवेनं नाकातली त्वचा तडकते म्हणून, आत थोडं व्हॅसलीन लावलं की पुरे.

---

वडगावचा_पालक

डॉक्टर, मॅडम, सुभेदार साहेब, पॅनमन भाऊ, मनापासून आभार. आईला डॉक्टरांचा भाग वाचून दाखवला, ४७ आणि ४९० हे दोन आकडे कागदावर लिहून दिले तेव्हा कुठं तयार झाली. ईसीजीला उद्याच न्हेतो. मुलीनं सिरिंजचा प्रयोग आल्या आल्या केला, गार पाण्याचं पण करून बघितलं, त्यात थोडे बुडबुडे आले पण उकळी नाही. तिनं आता ठरवलंय की गोव्याला मावशीकडं जाताना थर्मामीटर न्यायचा.

अजून एक, धाकटा दोन वर्षांचा आहे. चोर्ला घाट उतरताना प्रत्येक वेळी कान धरून रडतो, चढताना नाही. विमानात काय करायचं? आणि कुकर हिथनं न्यावा काय?

---

डॉक्टर_टिळकवाडी

कानाच्या पडद्यामागं हवेची छोटी पोकळी असते, घशाकडं जाणाऱ्या बारीक नळीनं ती उघडझाप होते. चढताना आतली हवा फुगून त्या नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, नळी चिकटून बसते आणि पडदा आत ओढला जातो, म्हणून दुखणं उतरतानाच. चोर्ल्यावरून पणजीपर्यंत पाऊण किलोमीटर उतरता, तेवढ्यात दाब आठ टक्क्यांच्या वर वाढतो. गिळलं की नळी उघडते. विमानात दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांएवढा ठेवतात, तेव्हा विमान खाली यायला लागलं की त्याला बाटली, दूध, काहीतरी चोखायला द्या आणि झोपू देऊ नका. लेहला उतरताना हा त्रास कमीच, कारण ते गावच केबिनच्या दाबापेक्षा वर आहे. परत येताना दिल्लीला, बेळगावला सांबरा विमानतळावर उतरताना लक्ष ठेवा. सर्दी झालेली असेल तर जायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

इतक्या लहान मुलाचं आणखी एक, त्याला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. तिथं गेल्यावर चिडचिड, खाणं बंद, खेळणं बंद झालं तर उंचीचाच त्रास आहे असं धरून चालायचं आणि खाली आणायचं. आई आणि तो, दोघं असताना खारदुंग सोडून द्या असं माझं स्पष्ट मत.

---

रिटायर्ड_सुभेदार

खारदुंगबद्दल डॉक्टर बरोबर बोलले, लेहमधेच बघण्यासारखं रगड आहे.

कुकर नेऊ नका, मेहुण्याकडं असणार. फक्त वहिनींना सांगा की शिट्ट्या हिथल्या हिशोबानं मोजू नका. डाळ, तांदूळ दोन्ही आधी भिजत घाला, डाळ तासभर तरी, हरभरा-राजमा रात्रभर. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि हिथं जेवढा वेळ ठेवता त्याच्या दीडपट ठेवा, वाफ आपोआप जिरू दे. आणि भात उघड्या पातेल्यात करायचा न्हाई, बेळगाव बासमती न्हेलात तरी मधे कणी राहणार.

---